साडेचार सेंटिमीटरची चूक

दिवाळीच्या आधीची घरातली आवराआवर म्हणजे मला दरवर्षी एक उलटतपासणीच वाटते. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते आणि तिच्या वतीने मला साक्ष द्यावी लागते. या वर्षी खोक्यातून पुठ्ठ्याचे पाच-सहा तुकडे निघाले. काही अरुंद आणि लांब, काही रुंद आणि आखूड. कडा मात्र सगळ्यांच्या गोलाकार.

"अहो, हे पंखे कसले? टाकू का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"ते पंखे नाहीत. तो एका मोटारसायकलचा सायलेन्सर आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर कादंबऱ्या लिहिणाऱ्या सगळ्या नवऱ्यांच्या परिचयाची असते. पण मी खोटे बोलत नव्हतो. त्या पुठ्ठ्यांची हकिगत सांगायची, तर थोडे मागे जायला हवे.

मी पाचोऱ्यात चित्रकला शिकवतो. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. मी मॅट्रिक झालो, मग चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि हातात खडू घेतला. वडील दुधाचा धंदा करीत. पहाटे चारला त्यांची राजदूत दारात सुरू होई. एकेका बाजूला दोन-दोन कॅन लटकवलेले, मागे निळ्या धुराचा शेपटा. ती गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात पोलंडच्या एका गाडीच्या धर्तीवर आपल्याकडे बनवायला घेतली होती. पण आम्हा भावंडांना ती आमच्याच गोठ्यात जन्मल्यासारखी वाटे. जामनेरला जाणाऱ्या आमच्या छोट्या पीजे गाडीची शिटी आणि राजदूतची फटफट ही आमची सकाळ. पीजे २०२० साली थांबली. राजदूत त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. पेट्रोलात जळलेल्या तेलाचा तो वास मात्र कुठे आला, की मी अजून क्षणभर थांबतो.

तर सांगायची गोष्ट अशी. नववीच्या वर्गात माझा एक विद्यार्थी होता. वर्गात मी स्थिरचित्र मांडले होते: एक तांब्या, दोन केळी आणि मागे घडी पडलेला कपडा. सगळी मुले तांब्याशी झुंजत होती, आणि हा पठ्ठ्या कागदाच्या कोपऱ्यात कार्बोरेटर उभा चिरून त्याच्या आतला भाग काढीत बसला होता. त्या दिवशी माझे डोके कशाने फिरले होते कोण जाणे! मी तो कागद उचलला, सर्वांदेखत फाडला आणि म्हणालो, "गॅरेजात जा. तिथेच शोभशील."

शिक्षकाचे शब्द विद्यार्थी ऐकत नाहीत अशी आमची नेहमीची तक्रार असते. या मुलाने माझे ऐकले. दहावीनंतर तो खरोखरच गॅरेजात गेला.

दहा-बारा वर्षांनी, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, तो माझ्या दारात उभा राहिला. हात कोपरापर्यंत काळे, अंगावर खाकी शर्ट आणि चेहऱ्यावर तोच जुना संकोच.

"सर, शंकू उलगडून पत्र्यावर कसा आखायचा, तेवढं सांगा."

मी थक्क झालो. शंकूचा विस्तार! फळ्यावर हा विषय काढला, की वर्गातली निम्मी मुले खिडकीबाहेर बघू लागतात. मी त्याला आत बसवले, चहा मागवला आणि त्याने आपला बेत सांगितला.

भंगारातून त्याने एक यामाहा आरएक्स १०० मिळवली होती. ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण ताकद अकरा अश्वशक्तीची. आमच्या राजदूतचे इंजिन १७३ सीसीचे, आणि तरीही ती ताकदीत हिच्या मागे. त्या यामाहाची त्याला मोटोक्रॉसची गाडी करायची होती. मोटोक्रॉस म्हणजे डांबरावरची नव्हे, तर माती, चढ, खड्डे आणि उड्या यांची शर्यत. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे डोंगर रचून अशी मोठी शर्यत झाली होती. तिची चित्रे त्याने मोबाइलवर इतक्या वेळा पाहिली होती, की कोणत्या उडीला कोण कलंडला हे त्याला तोंडपाठ होते.

"रस्त्यावर चालवणार असशील तर मी रेघसुद्धा ओढणार नाही," मी म्हणालो.

"नाही सर. शेतात आणि शर्यतीत. बास."

वाचकहो, टू-स्ट्रोक इंजिन ही काय चीज आहे, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा नीट कळले. आणि शिकवणारा माझाच विद्यार्थी होता. आजच्या बहुतेक गाड्यांत पिस्टन चार वेळा खाली-वर होतो तेव्हा एकदा स्फोट होतो: आत घेणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे, प्रत्येक कामाला एकेक फेरी. टू-स्ट्रोकमध्ये दोनच फेऱ्यांत सगळे उरकते. पिस्टन वर जाताना डोक्यावरची हवा दाबतो आणि त्याच वेळी पायाखालच्या पेटीत पेट्रोल मिसळलेली ताजी हवा ओढून घेतो. खाली येताना तीच पेटी लोहाराच्या भात्यासारखी दाबली जाते आणि ताजी हवा बाजूच्या वाटेने वर उसळते. इंग्लंडमधल्या जोसेफ डे नावाच्या माणसाने १८९१ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. झडपा नाहीत, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या, आणि त्यांची उघडझाप खुद्द पिस्टनच करतो. ज्या पेटीत एरवी तेल भरून ठेवतात, तिथून येथे ताजी हवा जाते. म्हणून तेल पेट्रोलाबरोबरच पाठवावे लागते आणि जळावे लागते. वडिलांच्या मागचा निळा शेपटा त्याचाच होता.

साधेपणाची किंमत मात्र द्यावी लागते. धूर बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजी हवा आत येण्याच्या खिडक्या काही काळ एकाच वेळी उघड्या असतात. लग्नघरी एकाच दारातून पंगत उठावी आणि त्याच दारातून दुसरी पंगत आत शिरावी, तसा प्रकार. जुन्या पाहुण्यांबरोबर दोन-चार नवे पाहुणेही न जेवताच बाहेर पडतात. म्हणजे न जळलेले पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये! गाडी पेट्रोल पिते ती त्यामुळे, आणि पुढे धुराचे नियम कडक झाल्यावर या गाड्या रस्त्यावरून गेल्या त्याही त्यामुळेच. तेव्हा निसटलेल्या पाहुण्यांना परत बोलवायचे कसे? हाच टू-स्ट्रोकचा मोठा प्रश्न, आणि त्याचे उत्तर माझ्या त्या पुठ्ठ्याच्या पंख्यांत आहे.

विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली, की हाक परत येते. इंजिनातला धूर खिडकी उघडताच नळीत धाव घेतो तेव्हा त्याचीही एक हाकच पुढे जाते, दाबाची लाट. नळी हळूहळू रुंद होत गेली, तर या हाकेचा पडसाद उलटा येतो, म्हणजे ओढ बनून येतो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेतो. पुढे नळी पुन्हा अरुंद होत गेली, तर तिथून येणारा पडसाद धक्का बनून येतो. हा धक्का खिडकी मिटण्याच्या ऐन क्षणी पोहोचला, तर निसटलेली ताजी हवा पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलली जाते. म्हणून ते नळकांडे दोन्ही बाजूंना निमुळते आणि मध्ये पोट सुटलेले असते. पाहणाऱ्याला वाटावे, अजगराने बकरी गिळली आहे! त्यात एकही हलता भाग नाही. काम करतो तो केवळ आकार.

या विद्येचा मोठा आचार्य वॉल्टर काडेन. पूर्व जर्मनीत त्शोपाऊ नावाच्या गावी एमझेडचा कारखाना होता. पैशांची चणचण असलेल्या त्या कारखान्यात त्याने या नळकांड्यांवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली आणि १९६१ च्या सुमारास १२५ सीसीच्या इंजिनातून पंचवीस अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा सर्वांत भरवशाचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, ५० सीसीचे जगज्जेतेपद सुझुकीने मिळवले. आपल्या शाळेतला हुशार मुलगा पळवून दुसऱ्या शाळेने बोर्डात पहिला आणावा, तशी ही गोष्ट. काडेनला काय वाटले असेल, हा विचार मास्तर म्हणून माझ्या मनात अनेकदा येऊन जातो.

मातीच्या शर्यतीत टू-स्ट्रोकचा दरारा वाढला तोही त्याच दशकात. चेकोस्लोव्हाकियाच्या चेझेट गाडीवर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ साली २५० सीसीचा जगज्जेता झाला. १९६६ साली पॉल फ्रीडरिख्सने चेझेटवरच ५०० सीसीत फोर-स्ट्रोकची सद्दी मोडली. चेझेटची भावकी म्हणजे जावा, आणि जावा तर आपल्या म्हैसूरला १९६१ पासून बनू लागली होती. पुढे १९७३ साली यामाहाने मागचे दोन शॉक काढून आसनाखाली एकच लांब शॉक बसवला. ही कल्पना तिलकेन्स नावाच्या बेल्जियन अभियंत्याची. त्या गाडीवर हाकान आंडरसन जगज्जेता झाला. तेव्हापासून मागचे चाक खाली-वर होण्याची मुभा वाढत गेली. पूर्वी ती वीतभरही नव्हती, आज फूटभर आहे. ही सगळी मंडळी माझ्या विद्यार्थ्याला जवळच्या नातेवाइकांसारखी माहीत होती. माझ्याच वर्गात त्याला इतिहासाच्या मास्तरांनी नापास केले होते!

असो. आम्ही कामाला लागलो. मिनिटाला नऊ हजार फेरे धरले, तर सेकंदाला दीडशे. बाहेरची खिडकी साधारण अर्धा फेरा उघडी, म्हणजे सेकंदाचा तीनशेवा भाग. तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला सुमारे ५२० मीटर जातो, तेव्हा तेवढ्या वेळात तो सुमारे १७३ सेंटिमीटर जाणार. पण हाकेला जायचे आहे आणि यायचेही आहे. म्हणून निम्मे करा. लांबी आली सत्त्याऐंशी सेंटिमीटर. गणितात जन्मभर कच्चा राहिलेला मी, त्या रात्री पाटीवर पहिला श्रीकार काढलेल्या मुलासारखा हरखलो.

मग आखणी. शंकूच्या टोकाचा कोन आठ अंश असला, तर पत्र्यावर तो पंचवीस अंशांच्या पंख्यासारखा उलगडतो. वीस अंशांचा असला तर बासष्ट अंशांचा. मोटोक्रॉसच्या गाडीत ते नळकांडे दगडाला लागू नये म्हणून वर उचलून, चेसिसला वळसा घालून न्यावे लागते. म्हणजे शंकू तिरपे कापून तुकडे जोडणे आले. ते सगळे मी पुठ्ठ्यावर आखले. त्याने एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर उतरवले, गोल वळवले आणि गॅसने जोडले. महिनाभर माझ्या संध्याकाळी त्याच्या गॅरेजात गेल्या. रोज निघताना ठरवीत असे, आज त्या फाडलेल्या कागदाचा विषय काढायचा. आणि रोज परत येत असे.

एके दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. उंबऱ्यापाशीच बसली.

"सर, तुम्ही आखी दिलं म्हणून तो बनवी राहिला. तुम्ही नको म्हटलं असतं तं त्यानं ऐकलं असतं. तुमचं ऐकतो तो."

"ताई, डोक्याला हेल्मेट, छातीला कवच, सगळं घेतलं आहे त्याने."

"ते मले काय समजतं? पडला-झडला तं मी कोणाकडे पाहू, तेवढं सांगा."

मला उत्तर सुचले नाही. तिने चहाही घेतला नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना आमच्या जिल्ह्यातल्याच एका गावाने पडीक रानात मातीची शर्यत ठेवली. आदल्या संध्याकाळी तो इंजिनाची काजळी साफ करीत होता. नळकांडे काढलेले होते. त्याने एक तार सिलिंडरच्या तोंडातून आत सारली. तार गेली, आणखी गेली आणि पिस्टनला टेकली. माझ्या हातातला कंदील, म्हणजे मोबाइलचा दिवा, थरथरला. लांबी मोजायची असते ती पिस्टनजवळच्या खिडकीपासून. मी ती मोजली होती सिलिंडरच्या बाहेर, नळी जिथे जोडतात तिथून! आतला तो साडेचार सेंटिमीटरचा बोगदा मी हिशेबात धरलाच नव्हता. आमचे नळकांडे साडेचार सेंटिमीटर लांब झाले होते. पडसाद उशिरा परतणार होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यातून पाऊस सुरू झाला. एका कागदावर मी या मुलाचे एकदा नुकसान केले होते, आता दुसऱ्या कागदावर करीत होतो. शेवटच्या क्षणी सांगून त्याचा धीर का खचवायचा? आणि न सांगता गप्प बसलो, तर त्याच्या आईकडे कोणत्या तोंडाने पाहायचे? पहाटे मी उठलो, सायकल काढली आणि गॅरेजात गेलो. तो गाडी टेंपोत चढवीत होता.

"अरे, थांब. माझ्या आखणीत चूक झाली आहे. नळी लांब आहे, साडेचार सेंटिमीटरने."

तो दोरी बांधीत राहिला. "माहीत आहे, सर."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"तुम्ही पुठ्ठा दिला त्याच दिवशी मी मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो जरा घुटमळला. मग दोरीची गाठ आवळीत म्हणाला, "सर, लांब नळीची ओढ खालच्या फेऱ्यांवर येते. नऊ हजारांऐवजी साडेआठ. आपली काळी माती, त्यात पाऊस. म्हटलं, चालेल, बरंच आहे." आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाला, "आणि तुमचा कागद फाडायला मन झालं नाही."

मी तिथेच टायरच्या ढिगावर बसलो. महिनाभर जे शब्द मी जुळवीत होतो, त्यातला एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो ते एवढेच, "तो कागद मी फाडायला नको होता रे." त्याने मान हलवली आणि टेंपोची फळी लावली.

काळ्या मातीचा चिखल कसा असतो, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. चपलेला धरतो तो घर येईपर्यंत सोडत नाही. त्या दिवशी एकोणीस गाड्या होत्या. बऱ्याच जणांच्या गाड्यांची ताकद एकदम वर, झटक्याने येई. चाक जागच्या जागी भिरभिरे आणि गाडी खोल रुतत जाई. आमची गाडी थोड्या खालच्या फेऱ्यांवरच धरून ओढू लागे आणि चढावरून रेड्यासारखी रेटत जाई. तिसऱ्या फेरीत तो पडला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईने माझे मनगट धरले. धरले म्हणजे आवळले. तो उठला, गाडी उभी केली, किक मारली. एक, दोन. तिसऱ्या किकला तो ओळखीचा निळा धूर निघाला.

तो सहावा आला. पाचोऱ्याच्या बाजारपेठेत सहाव्या नंबरची मिरवणूक निघत नाही. आईने त्याच्या अंगाखांद्यावरून हात फिरवून सगळी हाडे जागेवर आहेत याची खात्री करून घेतली आणि मगच माझे मनगट सुटल्याचे माझ्या ध्यानात आले. परतताना तिने डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "खा सर. तुमचा बी जीव टांगेल होता, मी पाहिलं."

चूक मानवली म्हणून ती चूक नव्हती असे होत नाही, हे मी जाणतो. ऊन पडले असते आणि जमीन टणक असती, तर तेच साडेचार सेंटिमीटर आमच्या गाडीला मागे ठेवते. शिवाय चूक माझी होती; ती पाहून, तोलून, उपयोगाला लावली ती त्याने. मी मात्र त्याचा कार्बोरेटर पाहिला तेव्हा तोलला नव्हता.

जगातल्या मोटोक्रॉसमध्येही हे इंजिन आता मागे सरले आहे. १९९७ साली लास व्हेगासच्या शर्यतीत यामाहाच्या फोर-स्ट्रोकने बाजी मारली आणि वारे फिरले. तरी यामाहा आणि ऑस्ट्रियाची केटीएम मातीसाठी टू-स्ट्रोक गाड्या अजून बनवतात. त्याच केटीएमच्या फोर-स्ट्रोक गाड्या आपल्या चाकणला तयार होतात. माझा विद्यार्थी सध्या म्हणतो, पैसे साठले की चाकण बघून यायचे. मलाही बरोबर न्यायचे म्हणतो.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. स्थिरचित्राच्या तासाला कोणी कोपऱ्यात भलतेच काही काढले, तर मी तो कागद उचलतो, चष्मा लावतो आणि विचारतो, "हे काय आहे, मला समजावून सांग." कधी ट्रॅक्टर असतो, कधी पाणबुडीचा पंप, कधी नुसताच राक्षस. तांब्या थोडा थांबतो. तांब्याला घाई नसते.

"मग हे पंखे ठेवायचे की टाकायचे?" सौभाग्यवतींनी पुन्हा विचारले.

मी ते पुसले, कागदात गुंडाळले आणि पुन्हा खोक्यात ठेवले. वर पेन्सिलीने लिहिले: "सांभाळा. माप चुकलेले आहे."